खेळातील भाषेची निकड : बालवयातील इंग्रजी अध्यापनाचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून इंग्रजीचे अध्यापन २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून इयत्ता पहिलीतच होऊ लागले. तत्पूर्वी ते पाचवीपासून होत असे. या बदलामुळे इंग्रजीच्या अध्ययनास केवळ चार वर्षांचा अवधी अधिक मिळाला, असे समजणे बरोबर होणार नाही. दहा वर्षांच्या मुलास परकी भाषा शिकविणे आणि सहा वर्षांच्या मुलास ती शिकविणे या दोन भिन्न गोष्टी होत. दहा वर्षांचे मूल नियम समजू शकते, वाक्याचे भाषांतर करू शकते, वही राखू शकते. सहा वर्षांच्या मुलास स्वभाषेची अक्षरओळखही अद्याप व्हावयाची असते. त्याला नियम सांगून उपयोग नसतो. त्याच्यापाशी असतात कान, जीभ, हातपाय आणि खेळण्याची अनावर हौस. सबब या वयात इंग्रजी शिकवावयाची तर ती खेळातूनच शिकविली पाहिजे, हा विचार आता प्रशिक्षणवर्गांतून, शिक्षक-हस्तपुस्तिकांतून व पाठनिरीक्षणांतून सर्वमान्य झाला आहे.

परंतु एखादा विचार सर्वमान्य झाला म्हणजे तो तपासून घेण्याची गरज संपते असे नव्हे; उलट ती वाढते. वर्गात खेळ झाला, मुले हसली, तास आनंदात गेला, एवढ्यावरून इंग्रजी शिकविली गेली असे म्हणता येईल काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील प्राथमिक वर्ग डोळ्यांपुढे ठेवून हे विवेचन केले असले, तरी त्यातील सूत्र इतरत्रही लागू पडावे.

हा प्रश्न या जिल्ह्यांत विशेष जिव्हाळ्याचा आहे. पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित कुटुंबातील मुलाच्या कानावर इंग्रजी घरी, शेजारी व बाजारात पडत असते. तेथे शाळेतील तास वाया गेला तरी काही ना काही भाषा त्या मुलापर्यंत पोहोचते. किनवट वा निलंगा तालुक्यातील शेतमजुराच्या मुलास अर्थपूर्ण इंग्रजी बोलण्याची संधी शाळेबाहेर बहुधा मिळतच नाही. त्याच्या वाट्यास येणारी इंग्रजी म्हणजे त्या तासिकेतील काही मिनिटे. ती मिनिटे नुसत्या करमणुकीत गेली, तर त्याची भरपाई करणारी दुसरी कोणतीही व्यवस्था नाही. लातूरने परीक्षांच्या तयारीच्या एका विशिष्ट पद्धतीने राज्यभर नाव मिळविले हे खरे. परंतु ती पद्धती माध्यमिक व उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी आहे. पहिली-दुसरीत जे राहून जाते ते दहावी-बारावीत घोकून भरून काढणे भाषेच्या बाबतीत फार अवघड असते.

२. निकड म्हणजे काय

या प्रदेशाचा भाषिक इतिहास या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते व इंग्रजी हा तेथे सक्तीचा विषय होता. अर्थात, उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मराठी मुलास दोन परक्या भाषा आत्मसात कराव्या लागत. पण याच प्रदेशात अशीही असंख्य माणसे होती, व आजही आहेत, की ज्यांनी शाळेचे तोंड न पाहता दुसरी भाषा मिळविली. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तेलंगणास लागून असलेल्या तालुक्यांत तेलुगू, उदगीर-निलंग्याच्या बाजूस कन्नड, आणि नांदेड व उदगीर शहरांच्या मोहल्ल्यांतून दखनी उर्दू मराठी माणसाच्या कानी पडते व जिभेवर रुळते. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते आणि गावात आले की मराठी बोलते.

या मुलांना ही दुसरी भाषा कोणी शिकविली? शिकविली कोणीच नाही. गोट्या खेळताना ‘आता माझी पाळी’ हे समोरच्या मुलाच्या भाषेत सांगितल्याविना पाळी मिळत नव्हती, म्हणून ती भाषा आली. बाजारात भाव विचारल्याविना माल मिळत नव्हता, म्हणून ती आली. भाषा आणि कार्य यांचा तेथे अतूट संबंध होता. शब्द उच्चारला की काहीतरी घडे, आणि न उच्चारला तर घडत नसे. या संबंधास आपण ‘भाषेची निकड’ असे म्हणू.

इंग्रजीच्या वाट्यास ही निकड गावात नैसर्गिक रीत्या येत नाही. मग ती वर्गात कृत्रिम रीत्या निर्माण करणे हेच खेळाचे प्रयोजन ठरते. खेळ हा पाठावर लावलेला साखरेचा लेप नव्हे. खेळ ही एक छोटी दुनिया आहे. तिचे नियम आपण ठरवितो, आणि त्या नियमांच्या बळावर इंग्रजी वाक्यावाचून काही अडावे अशी योजना करू शकतो. यावरून कोणत्याही खेळाची पारख करण्याची एक सोपी कसोटी मिळते : त्या खेळातून इंग्रजी काढून टाकली, तर खेळ चालू राहतो काय? चालू राहत असेल, तर तो खेळ चांगला असेल, पण इंग्रजीचा पाठ नव्हे.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. मुले गोल बसली आहेत, टाळ्यांच्या तालावर चेंडू हातोहात फिरतो आहे, टाळ्या थांबताच ज्याच्या हाती चेंडू असेल त्याने एक इंग्रजी शब्द सांगावयाचा. मुलांना हा खेळ फार आवडतो. पण त्यांचे लक्ष कोठे असते? चेंडू आपल्या हाती राहू नये याकडे. शब्द हा येथे दंड आहे. खेळाची गती त्यावर अवलंबून नाही. शिवाय मुलाने ‘कॅट’ म्हटले काय किंवा ‘मँगो’ म्हटले काय, त्याने कोणाचेही काही बनत वा बिघडत नाही. ही कसोटी लावल्यास प्रचलित खेळांपैकी बरेचसे असेच निकालात निघतील.

३. पूर्वसूरींचे विचार

हा विचार अगदीच नवा आहे असे नव्हे. हॅरल्ड पामर या इंग्रज अध्यापनशास्त्रज्ञाने जपानमध्ये काम करीत असताना १९२५ साली कृतींतून इंग्रजी शिकविण्याविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. शिक्षकाने आज्ञा द्यावी व विद्यार्थ्याने ती कृतीने पाळावी, या क्रमास त्याने शास्त्रीय स्वरूप दिले. पुढे १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत जेम्स ॲशर याने हेच तत्त्व अधिक विस्ताराने मांडले. मूल बोलू लागण्यापूर्वी दीर्घकाळ ऐकते व ऐकल्याप्रमाणे वागते. तद्वत परकी भाषा शिकतानाही प्रथम श्रवण व शारीरिक प्रतिसाद, आणि मागाहून भाषण, असा क्रम असावा, हे त्याचे प्रतिपादन होते.

भारतात या दिशेने झालेला सर्वांत महत्त्वाचा प्रयोग म्हणजे १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील शाळांमध्ये केलेला बंगळूर प्रकल्प होय. त्याचा वृत्तांत व त्यामागील विचार त्यांच्या १९८७ सालच्या ग्रंथात आला आहे. विद्यार्थ्याचे लक्ष भाषेच्या रूपावर नव्हे तर अर्थावर खिळले असताना भाषा उत्तम रीत्या आत्मसात होते, ही त्यांची भूमिका. त्यांनी वर्गकार्यांचे तीन प्रकार कल्पिले. पहिल्यात एकापाशी असलेली माहिती दुसऱ्यापाशी नसते. दुसऱ्यात दिलेल्या माहितीवरून तर्काने नवी माहिती काढावयाची असते. आणि तिसऱ्यात प्रत्येकाने स्वतःचे मत वा आवड व्यक्त करावयाची असते. तिन्ही प्रकारांत एक दरी असते, आणि ती भाषेनेच ओलांडावी लागते. आपण ज्यास निकड म्हटले, तिचेच हे शास्त्रीय विवरण आहे. प्रभूंची कार्ये बहुतांशी बुद्धीस चालना देणारी होती, त्यांस रूढ अर्थाने खेळ म्हणता येणार नाही. पण लहान मुलांचे खेळ रचताना त्यांचे वर्गीकरण फार उपयोगी पडते.

साधनांच्या बाबतीत मात्र परदेशाकडे पाहण्याची आवश्यकता नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ पासून व पुढे कोसबाड येथे जे बालशिक्षणाचे कार्य केले, त्यात परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंपासून शैक्षणिक साहित्य तयार करण्यावर भर होता. बिया, शंख-शिंपले, पाने, खडे यांनी तेथे महागड्या साधनांची जागा घेतली. सागरगोटे, चिंचोके, काडेपेटीच्या रिकाम्या पेट्या व जुन्या दिनदर्शिकांतील चित्रे एवढ्या सामग्रीवर पुढे वर्णिलेले सर्व खेळ खेळता येतात.

४. परिचित खेळांची पुनर्रचना

नवे खेळ बाहेरून आणण्यापेक्षा मुलांना ठाऊक असलेले खेळ घेऊन त्यांत इंग्रजीची निकड निर्माण करणे श्रेयस्कर. त्यामुळे नियम समजावून सांगण्यात वेळ जात नाही, आणि मुलाचे सर्व अवधान नव्या भाषेसाठी मोकळे राहते. श्रवणापासून भाषणाकडे या क्रमाने काही खेळ येथे दिले आहेत.

(अ) ‘शिवाजी म्हणतो’. हा आज्ञापालनाचा खेळ सर्वत्र परिचित आहे. ‘स्टँड अप’, ‘टच युवर नोज’, ‘ओपन द विंडो’ अशा आज्ञा शिक्षकाने द्याव्या व मुलांनी पाळाव्या. पामर व ॲशर यांचे तत्त्व यात आपोआप साधते. बोलण्याची सक्ती नसल्यामुळे भित्रे मूलही त्यात निःशंक उतरते. परंतु यात एक मोठा दोष लपलेला असतो. चाळीस मुलांपैकी चार-पाच मुले आज्ञा ऐकून हालचाल करतात आणि उरलेली त्यांच्याकडे पाहून हालचाल करतात. पाहून केलेल्या कृतीस इंग्रजी लागत नाही. उपाय सोपा आहे : मुलांना डोळे मिटावयास सांगावे, किंवा समोरासमोर दोन रांगा करून प्रत्येक रांगेस आळीपाळीने वेगळी आज्ञा द्यावी. एवढ्या फरकाने तोच खेळ श्रवणाची खरी परीक्षा बनतो.

(आ) ‘चिमणी उड’. सर्वांनी बोट जमिनीवर टेकवावयाचे, सांगणाऱ्याने एकेक नाव घ्यावयाचे, उडणाऱ्याचे नाव आले तर बोट वर उचलावयाचे आणि न उडणाऱ्याचे आले तर उचलावयाचे नाही. म्हशीच्या नावावर बोट उचलणाऱ्याची जी फजिती होते, तीच या खेळाची गंमत. तो इंग्रजीत खेळताना ‘अ क्रो कॅन फ्लाय’, ‘अ बफेलो कॅन फ्लाय’ अशी पूर्ण वाक्ये घ्यावी. बोट उचलावे की न उचलावे हे शब्दाचा अर्थ कळल्यावाचून ठरत नाही. म्हणून निकडीची कसोटी येथे पूर्ण उतरते. पुढील पायरीवर क्रियापद बदलावे : ‘स्विम’, ‘क्लाइम्ब’, ‘जंप’. आता बेडकास पोहता येते पण उडता येत नाही, हा विचार मुलास करावा लागतो, आणि प्रभूंनी सांगितलेली तर्काची दरी सहजच निर्माण होते. चार-सहा दिवसांनंतर सांगणाऱ्याची जागा मुलांना द्यावी. श्रोत्याचा वक्ता झाला म्हणजे तेच वाक्य त्याच्या जिभेवर येते.

(इ) लपविलेला सागरगोटा. एका मुलास वर्गाबाहेर पाठवावे, एक सागरगोटा कोठेतरी लपवावा, आणि परत आलेल्या मुलाने तो विचारून शोधावा. त्याच्या हाती पाच चिंचोके द्यावे. प्रत्येक प्रश्नास एक चिंचोका मोजावा लागेल. ‘इज इट अंडर द बॅग?’, ‘इज इट इन द बॉक्स?’, ‘इज इट ऑन द टेबल?’ असे प्रश्न त्यास विचारावे लागतात, आणि वर्गाने ‘येस, इट इज’ किंवा ‘नो, इट इझन्ट’ एवढेच उत्तर द्यावयाचे असते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा खेळ फार मोलाचा आहे. ‘ते दप्तराखाली आहे का?’ या मराठी वाक्यात स्थानवाचक शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, क्रियापद शेवटाकडे असते, आणि प्रश्न ‘का’ने वा नुसत्या स्वराने दर्शविला जातो. इंग्रजीत या तिन्ही गोष्टी उलटतात : स्थानवाचक शब्द नामाच्या पुढे जातो, क्रियापद नामाच्या आधी येते, आणि प्रश्न करावयाचा असता ते थेट वाक्यारंभी जाते. एक प्रश्न विचारताना मूल तिन्ही स्थित्यंतरांचा सराव करीत असते, आणि त्यास ते व्याकरण आहे याची जाणीवही नसते. शिवाय मराठीत प्रत्येक वस्तूस लिंग असल्यामुळे खुर्चीस ‘शी’ आणि दरवाज्यास ‘ही’ म्हणण्याकडे मुलांचा जो कल असतो, त्यासही येथील ‘इट’च्या पुनःपुन्हा होणाऱ्या वापरामुळे आळा बसतो.

(ई) आठवडी बाजार. मराठवाड्यातील प्रत्येक मुलास बाजाराचा दिवस ठाऊक असतो. निम्म्या वर्गाने दुकाने मांडावी, निम्म्याने खरेदी करावी. मात्र नुसती ‘धिस इज अ टोमॅटो’ अशी वाक्ये म्हणत फिरण्यात अर्थ नाही. प्रत्येक विक्रेत्यापाशी चित्रांपैकी थोडीच चित्रे असावी व भाव वेगवेगळे असावे; प्रत्येक ग्राहकापाशी खरेदीची वेगळी यादी व मोजकी रक्कम असावी. मग ‘डू यू हॅव ब्रिंजल्स?’ आणि ‘हाऊ मच?’ हे प्रश्न विचारल्यावाचून यादी पुरी होणारच नाही. कोणापाशी काय आहे हे दुसऱ्यास ठाऊक नाही, ही माहितीची दरी खेळाच्या रचनेतच आहे.

या खेळात संख्यांचाही उत्तम सराव होतो. एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंतच्या मराठी संख्यानामांत एकक आधी व दशक मागून येतो, शिवाय जवळजवळ प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे लक्षात ठेवावा लागतो. इंग्रजीत दशक आधी व एकक मागून, हा क्रम सरळ असतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात मराठी संख्या ‘वीस एक’ अशा रीतीने वाचण्याचा पर्याय दिला गेला, तेव्हा झालेली चर्चा वाचकांच्या स्मरणात असेल. त्या वादात न शिरता एवढे म्हणता येईल की, इंग्रजी संख्यानामे हा लहान मुलास लवकर हाती लागणारा भाग आहे, आणि प्रारंभीच मिळालेले यश पुढील उत्साहास पोषक होते.

(उ) कानगोष्टी. रांगेतील पहिल्या मुलाच्या कानात वाक्य सांगावे, त्याने दुसऱ्याच्या कानात, असे करीत शेवटचे मूल ते मोठ्याने म्हणते. उच्चाराच्या सरावासाठी या खेळाची शिफारस वारंवार केली जाते. परंतु विचार करता असे दिसेल की, या खेळाची मूळ गंमत वाक्याची मोडतोड होण्यातच आहे. वाक्य बरोबर पोहोचले तर कोणी हसत नाही. म्हणजे खेळ ज्या गोष्टीस बक्षीस देतो ती गोष्ट आपल्या उद्दिष्टाच्या नेमकी विरुद्ध आहे. म्हणून येथे नियम बदलला पाहिजे. फळ्याजवळ चित्रे मांडावी आणि रांगेतील शेवटच्या मुलाने ऐकलेल्या वाक्याचे चित्र उचलावे. ज्या रांगेचे चित्र बरोबर, ती रांग जिंकली. ‘शिप’ आणि ‘शीप’ हे दोन शब्द अशा वेळी घ्यावे. मराठी लेखनात ह्रस्व-दीर्घाचा भेद कटाक्षाने पाळला जातो, पण बोलण्यात ‘इ’ व ‘ई’ यांवर अर्थभेद क्वचितच अवलंबून असतो. त्यामुळे जहाज व मेंढी यांतील हा भेद आमच्या मुलांच्या कानास मुद्दाम शिकवावा लागतो. चित्र चुकले की त्या भेदाचे महत्त्व मुलास जितके पटते, तितके शिक्षकाच्या दहा सूचनांनी पटत नाही.

५. पाळी आणि बाद होणे

निकडीच्या जोडीस दुसरी एक कसोटी लावणे अगत्याचे आहे : प्रत्येक मुलास बोलण्याची संधी किती वेळा मिळते? तासिका ३५ मिनिटांची व वर्ग ४० मुलांचा धरला, आणि शिक्षकाने एकेका मुलास क्रमाने बोलते केले, तर संपूर्ण तासिका खर्चूनही प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ५२ सेकंद येतात. त्यातही शिक्षकाच्या प्रश्नाचा वेळ जातो. उलट, केवळ १० मिनिटे जोड्या करून खेळ घेतला, तर प्रत्येक मूल ५ मिनिटे बोलू शकते. सागरगोट्याचा खेळ संपूर्ण वर्गाने एकदा खेळून समजून घेतला की तो जोडीजोडीने तीन काडेपेट्यांच्या आत चिंचोका लपवून खेळता येतो. गोंगाट वाढेल हे खरे. पण इंग्रजीचा गोंगाट हे इंग्रजीच्या तासाचे दूषण मानता येणार नाही.

याच दृष्टीने ‘बाद’ करण्याच्या नियमाचा फेरविचार झाला पाहिजे. बहुतेक स्पर्धात्मक खेळांत चुकणारे मूल बाहेर जाते. चाळीस मुलांच्या वर्गात दर फेरीस एक मूल बाद होत गेले, तर २० फेऱ्यांनंतर निम्मा वर्ग भिंतीशी बसलेला असतो. आणि हा निम्मा वर्ग कोणाचा? ज्यांना शब्द कळला नाही त्यांचा. म्हणजे ज्यांना सरावाची सर्वाधिक गरज आहे त्यांचा. खेळाच्या मैदानावर हा नियम न्याय्य असेल, परंतु वर्गात तो विपरीत परिणाम घडवितो : जाणणाऱ्यास अधिक सराव व न जाणणाऱ्यास विश्रांती. चुकलेल्या मुलास बाद न करता त्यास पुढील आज्ञा देण्याचे काम द्यावे, किंवा त्याच्या रांगेचा एक चिंचोका कमी करावा. खेळातील चुरस टिकते आणि मूलही खेळात राहते.

६. घरची भाषा आणि खेळाची भाषा

खेळ इंग्रजीचा असला तरी त्याचे नियम इंग्रजीतच सांगितले पाहिजेत, असा आग्रह काही ठिकाणी धरला जातो. तो अनाठायी आहे. नियम न समजल्यामुळे गोंधळलेल्या मुलापाशी निकड नसते, फक्त भीती असते. नियम मराठीत सांगावे. वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू वा गोरमाटी बोलणारी मुले असतील तर ती भाषा जाणणाऱ्या मुलाकडून त्यांना सांगवावे. आणि खेळातील चाल मात्र इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत स्वीकारू नये. भाषांची अशी वाटणी केल्याने घरच्या भाषेचा मान राहतो आणि इंग्रजीची निकडही टिकते.

अनेकभाषी वर्ग ही अडचण आहे, असा एक समज आढळतो. संरचनेच्या दृष्टीने पाहता तो पुष्कळसा निराधार आहे. मरे एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचा विचार मांडला. आणि जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड व उर्दू यांची वाक्यरचना दीर्घ सहवासाने कशी एकमेकींच्या जवळ आली आहे हे दाखविले. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चारही भाषांत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते. ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्यातील ‘मला’सारखी रचना तेलुगूत व कन्नडमध्येही आहे, ‘आय हॅव टू ब्रदर्स’ यातील ‘हॅव’ तिन्ही भाषांच्या मुलांना सारखेच नवे असते. सारांश, देगलूरच्या वर्गातील मुलांच्या घरच्या भाषा निराळ्या असल्या तरी इंग्रजीच्या उंबरठ्यावर त्यांना लागणारी ठेच बहुतांशी एकच आहे, आणि म्हणून तिच्यावरचा खेळही एकच असू शकतो.

मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा प्रारंभी उपयोग करावा, हेही येथे सांगितले पाहिजे. ट्रॅक्टर, बस, बॅट, टेबल, मोबाइल हे शब्द मुलांचेच आहेत. मात्र त्यांच्या अर्थात झालेला बदल शिक्षकाने ध्यानात ठेवावा. आपण स्टीलच्या पेल्यासही ‘ग्लास’ म्हणतो, आणि ‘लाइट गेली’ म्हणजे वीज गेली असे समजतो.

७. मर्यादा व एक विशेष लाभ

खेळांपासून सर्वच अपेक्षा करू नये. वाचन व लेखन ही कौशल्ये खेळाने सुरू होऊ शकतात, पण पूर्ण होऊ शकत नाहीत. त्यांना शांत, नियमित व क्रमबद्ध सराव लागतो. एकच खेळ रोज घेतल्यास त्यातील निकड झिजते, कारण उत्तरे आधीच ठाऊक होतात. परीक्षेचे स्वरूप केवळ लेखी राहिले, तर खेळातून मिळालेले भाषण कोणी मोजणारही नाही.

शिक्षकांवरील भारही दुर्लक्षून चालणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वाडी-तांड्यावरील शाळेत एकाच शिक्षकास दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. अशा वर्गात प्रत्येक इयत्तेचे पाठ्यपुस्तक वेगळे चालविण्यापेक्षा एकच खेळ दोन पायऱ्यांवर चालविणे सोपे जाते : तिसरीच्या मुलाने प्रश्न विचारावा, पहिलीच्या मुलाने ‘येस’ वा ‘नो’ म्हणावे. मोठ्या मुलास भाषणाचा सराव होतो, लहान मुलास श्रवणाचा. बहुवर्ग अध्यापनाची अडचण येथे काही अंशी सोयीची ठरते.

खेळाचा आणखी एक लाभ आहे, आणि तो या प्रदेशापुरता सर्वांत महत्त्वाचा म्हणता येईल. मराठवाड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेले मूल परत येते तेव्हा पाठ्यपुस्तक कितीतरी पुढे गेलेले असते. मधली पाने त्यास कोणी शिकविलेली नसतात. त्यामुळे पुढचे पानही त्यास परके वाटते, आणि शाळेपासून मन उडण्यास येथूनच प्रारंभ होतो. खेळाची गोष्ट वेगळी आहे. आजच्या खेळात उतरण्यासाठी कालच्या खेळात असावे लागत नाही. चिमणीच्या नावावर बोट उचलण्यास कोणताही मागील धडा आड येत नाही. पहिल्या दिवशी ते मूल ऐकेल, दुसऱ्या दिवशी बोट उचलेल, आठवड्याने इतरांना नावे सांगेल. परतलेल्या मुलास वर्गात पुन्हा जागा करून देणारे याहून सोपे साधन दुसरे क्वचितच असेल.

८. संशोधनाची दिशा

या विषयावरील अभ्यासांत पुष्कळदा ‘खेळाने मुलांना इंग्रजीची गोडी लागली’ असा सर्वसामान्य निष्कर्ष काढला जातो. तो खरा असला तरी अपुरा आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अधिक नेमके प्रश्न घ्यावेत. एका तासिकेत प्रत्येक मुलाने अर्थपूर्ण इंग्रजी वाक्य किती वेळा उच्चारले? त्यांपैकी किती वाक्यांनी खेळात काही घडले? बाद करण्याचा नियम असलेल्या व नसलेल्या खेळांत मागे पडलेल्या मुलांच्या पाळ्यांत किती फरक पडतो? मुली व मुलगे यांच्या पाळ्या सारख्या येतात काय? महिन्याभराने तेच मूल तेच वाक्य खेळाबाहेर वापरते काय? अशा प्रश्नांसाठी मोठे अनुदान लागत नाही; वर्गाच्या मागील बाकावर बसून वहीत खुणा करण्याची चिकाटी लागते. १९९४ साली नांदेड येथे स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. तेलंगण व कर्नाटक या दोन्ही सीमांलगतचे वर्ग या क्षेत्रात आहेत. तौलनिक अभ्यासास याहून अनुकूल भूमी सहसा मिळणार नाही.

तात्पर्य, बालवयातील इंग्रजी अध्यापनात खेळाची योग्यता त्यातील आनंदाच्या प्रमाणात ठरविता येत नाही. आनंद हवाच, त्यावाचून मूल खेळणारच नाही. परंतु त्या आनंदाचे दार इंग्रजी वाक्यानेच उघडावे, आणि ते वाक्य वर्गातील प्रत्येक मुलास, मागच्या रांगेतील व उशिरा परतलेल्यासही, वारंवार उच्चारावयास मिळावे, या दोन गोष्टी साधल्या तरच त्या खेळास अध्यापन म्हणता येईल. ज्या मुलास शाळेबाहेर इंग्रजीची सोबत नाही, त्याच्या बाबतीत तर हा भेद उपेक्षिणे शिक्षणशास्त्रास परवडणारे नाही.